शस्त्रक्रियेच्या गोष्टी पुरे, गिटार काढ

शनिवारच्या बैठकीत तू पॅट मार्टिनो या जॅझ गिटारवाल्यावर बोललास. बोललास कसला, माइक हातात येताच सुटलासच. पालकांनी डोळे टिपले, तुझ्या आजीने शेजारणीला कोपराने ढोसून 'आमचा नातू हो' म्हणून दाखवलं, आणि तू मंचावरून उतरलास तो त्याच्या मेंदूवरची शस्त्रक्रिया तुझीच झाल्याच्या थाटात. चारचौघांत मी गप्प बसले. आज वर्गात दुसरं कुणी नाही. दार लोट, खुर्ची पुढे ओढ आणि माझं संपेपर्यंत तोंड उघडू नकोस.

तुझं निम्म्याहून जास्त भाषण ऑपरेशन टेबलावर गेलं. उरलेल्यात जन्म, मृत्यू, पुरस्कार उरकलेस. आणि त्या माणसाच्या वाजवण्याबद्दल तुझ्या तोंडून एकुलतं एक वाक्य निघालं: 'तो खूप फास्ट वाजवायचा.' फास्ट! मुंबई-पुणे महामार्गावरचा टेंपोवालाही फास्टच असतो. ज्याने बाराव्या वर्षी गिटार धरली आणि सत्तरी ओलांडली तरी वाजवत होता, त्याच्याबद्दल तुला एवढंच सांगता आलं?

तेवढ्यावर थांबला असतास तरी मी सोडून दिलं असतं. पण परीक्षेच्या निमित्ताने तुझा रियाज बंद पडला, तेव्हा मी विचारल्यावर मला काय ऐकवलं होतंस, आठवतं? 'मॅडम, पॅट मार्टिनो सगळं विसरला होता, तरी आलंच ना परत! हात विसरत नसतात.' वा रे वा. एक माणूस मरणाच्या दारातून परत आला, आणि तू त्याच्या येण्याची गोधडी करून आपल्या आळसावर पांघरलीस. शनिवारी तू 'चमत्कार, चमत्कार' करत होतास तेव्हा मला कळलं, की हे बिऱ्हाड नुसतं जिभेवर नाही, डोक्यात बसलंय. ते आज बाहेर काढायचं आहे.

मुळापासून चल. पॅट अझारा, म्हणजेच पुढचा पॅट मार्टिनो, जन्म 1944, फिलाडेल्फिया, इटालियन वस्तीतलं घर. वडील क्लबांमधून गायचे, काही काळ एडी लँगकडे गिटारही शिकलेले. पोराला घेऊन गावातल्या ठिकठिकाणी जायचे, गिटारवाल्या वेस माँटगोमेरीला ऐकवायचे, भेटवायचे. पुढे डेनिस सँडोलकडे शिकवणी लागली. हा सँडोल म्हणजे फिलाडेल्फियातला दांडगा गुरू, सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेनही त्याच्याकडेच शिकलेला. शिकवणीच्या येण्याजाण्यात कोल्ट्रेन या पोराला गरम चॉकलेट पाजायचा आणि दोघं संगीतावर बोलत बसायचे. तू त्याच्या जागी असतास तर कपासकट फोटो काढून लावला असतास आणि तो काय बोलला ते घरी पोचेपर्यंत विसरला असतास.

दहावीत त्याने शाळा सोडली. हो, हे तुला बरोबर माहीत होतं, भाषणात दोनदा आलं. पण शाळा सोडून तो गेला कुठे, ते नाही आलं. तो गेला न्यूयॉर्कला, हार्लेममध्ये, स्मॉल्स पॅराडाइज नावाच्या क्लबात. वर्षातले सहा महिने तिथे, उन्हाळा आला की अटलांटिक सिटीच्या क्लब हार्लेममध्ये. मिसरूड फुटण्याच्या वयात रोज रात्री मंचावर. विलिस जॅक्सनचा सॅक्सोफोन, आणि ऑर्गनवर जॅक मॅक्डफ, डॉन पॅटर्सन, ग्रूव्ह होम्स, ट्रुडी पिट्स असली एकेक माणसं. ऑर्गनवाल्या त्या छोट्या बँडमध्ये काय असतं, हे तू कधी समजून घेतलंयस? तिथे वेगळा बासवाला नसतो. ऑर्गन वाजवणारा डाव्या हाताने आणि पायाने बास चालवतो, उजव्याने सूर धरतो. उरला ड्रमवाला आणि तू. दुसऱ्याच्या सोलोच्या वेळी कॉर्ड लावून लय तूच सांभाळायची आणि आपली पाळी आली की पुढे व्हायचं. लपायला कोपरा नाही. आणि समोर बसलेला काळा श्रोता तिथे खायला-प्यायला, पाय हलवायला आलेला. तुझी लय घसरली की त्याची मान हलायची थांबते. पाठीवर हात फिरवून 'छान प्रयत्न, बेटा' म्हणायला तिथे कुणी बसलेलं नसतं. त्या गर्दीत एक गोरं पोर टिकलं, ते कुणाच्या दयेवर नाही टिकलं. जॉर्ज बेन्सन स्वतः तेव्हा उमेदवार गिटारवाला, त्याने हार्लेममध्ये या पोराला ऐकलं आणि हबकला. ही गोष्ट तो पुढे वारंवार सांगत राहिला.

म्हणजे शाळा सोडून तो दुसऱ्या शाळेत गेला, आणि तिथे उन्हाळ्याची सुटी नव्हती. तू क्लासला दांडी मारतोस ती कुठल्या क्लबात वाजवायला? गल्लीच्या टोकाला वडापाव खायला.

1967 मध्ये पहिली तबकडी, 'एल ओंब्रे'. वय बावीस. ती लाव आणि हातात काही न धरता ऐक. त्याच्या वाजवण्याला मी काय म्हणते सांगू? दाणा. आपल्याकडे तानेला दाणेदार म्हणतात ना, तसा एकेक स्वर सुटा, भरीव, सारख्या वजनाचा. तारा जाड, इतक्या जाड की तुझ्यासारख्याला दुसऱ्या दिवशी बोटांना पट्टी बांधावी लागेल. पिकही जाड. आणि तुम्ही मंडळी डाव्या हाताने घसरत दोन-तीन स्वर फुकटात उरकता, तिथे हा बहुतेक प्रत्येक स्वराला पिकचा आघात देतो. त्यातून ती लांबच लांब ओळ बनते, श्वास न घेता चालल्यासारखी, आणि तरी तिच्यात कुठे धाप नाही. लोकांना वेग ऐकू येतो तो या सारखेपणामुळे. नुसत्या चपळाईत त्याच्यापुढे जाणारे आज गल्लोगल्ली सापडतील.

आता भाषणानंतर तू वाजवलेलं 'सनी'. बॉबी हेबचं साधं, लोकप्रिय गाणं. मार्टिनोने ते 1972 साली न्यूयॉर्कच्या फोक सिटीत वाजवलं, 'लाइव्ह!' या तबकडीत आहे. तू ते त्याच्याहूनही जलद सुरू केलंस. का? घाई कसली होती, शेवटची लोकल होती? चौथ्या बारला तुझ्यात आणि ड्रमवाल्यात फारकत झाली, ओळीतले सगळे स्वर एकमेकांच्या अंगावर पडले, आणि तू डोळे मिटून चेहऱ्यावर समाधी आणलीस. त्या मुद्रेने टाळ्या मिळाल्या, मान्य. ज्यांनी वाजवल्या त्यातल्या कितीजणांनी मूळ ऐकलं होतं? मूळ सोलोत एक जागा आहे: तो एक इवलासा तुकडा धरतो आणि सोडतच नाही. खालचे कॉर्ड बदलत जातात, हा तेच फिरवत राहतो, पुन्हा, पुन्हा, ऐकणाऱ्याला वाटतं आता तबकडी अडकली, आणि मग अशा ठिकाणी सोडतो की सगळा क्लब ओरडतो. ती जागा तू गाळलीस. मी विचारणारच आहे का गाळलीस, पण उत्तर मला माहीत आहे. त्या जागेत बोटांची करामत दिसत नाही. तिथे लय पोटात लागते. ती विकत मिळत नाही आणि भाषणात सांगून आणता येत नाही.

आता तुझं लाडकं प्रकरण. तुला पाठ आहे म्हणून मी थोडक्यात उरकते. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता. 1976 च्या सुमारास झटके वाढले. आधी रोग कळलाच नाही. मनाचा आजार ठरवून त्याच्यावर विजेचे झटके देण्यापर्यंत मजल गेली. 1980 मध्ये जिवावर बेतलं, फिलाडेल्फियात शस्त्रक्रिया झाली, मेंदूच्या डाव्या बाजूचा मोठा भाग काढावा लागला. शुद्धीवर आला तेव्हा आईवडील ओळखीचे वाटत नव्हते, आणि आपण गिटार वाजवतो हेही ठाऊक नव्हतं.

इथवर तू सांगितलंस. मग एक उसासा टाकलास आणि म्हणालास, 'आणि 1987 मध्ये तो परत आला!' अरे ए, 1980 आणि 1987 च्या मध्ये काय होतं? सात वर्षं गिळलीस तू, पाण्याच्या घोटासारखी!

त्या सात वर्षांत तो आईवडिलांच्या घरी होता. वडील घरात त्याच्याच जुन्या तबकड्या लावायचे आणि त्याला ते नकोसं व्हायचं. कल्पना कर, घरभर एक कुणीतरी अफाट वाजवतोय आणि सगळे तुला सांगतायत की तो तूच. आणि तुला त्यातलं काही येत नाही. हा आनंदाचा प्रसंग आहे? यात चमत्कार कुठे दिसतो तुला? मग हळूहळू हात गिटारकडे गेला. मित्र आले, संगणक आला, त्यावर रचना करत बसला, आणि शेवटी त्याच जुन्या तबकड्या घेऊन, स्वतःचाच शिष्य होऊन बसला. काही आठवणी आपोआप परतल्या असतील, बोटांनी काही धरून ठेवलं असेल. मेंदूचं शास्त्र डॉक्टर सांगतील, मी गिटार शिकवते. पण धरून ठेवायला आधी काहीतरी असावं लागतं ना? त्याच्या हातात काय होतं? हार्लेममधल्या त्या सगळ्या रात्री, अन् दहा वर्षांत काढलेल्या डझनभर तबकड्या. तुझ्या हातात काय आहे? उद्या देव न करो, पण तुझी स्मृती गेली तर परत येऊन येऊन येणार काय, 'हॅपी बर्थडे'?

आणि 1987 ची ती 'द रिटर्न'. न्यूयॉर्कच्या फॅट ट्यूजडेज क्लबात ध्वनिमुद्रित झाली. तिचं नाव ऐकून तुला वाटलं, संपली गोष्ट, पडदा पडला. मुळीच नाही. पुढे आईवडील दोघंही आजारी पडले आणि तो पुन्हा बाजूला झाला. पुढची तबकडी थेट 1994 ला. म्हणजे तुझा हा चमत्कार चौदा वर्षं हप्त्याहप्त्याने फेडत होता तो. मग कुठे 'लाइव्ह अ‍ॅट योशीज', 2001, ऑर्गनवर जोई डीफ्रान्सेस्को, ड्रमवर बिली हार्ट. ती ऐक, त्या माणसावर दया करायची तुझी छाती होणार नाही.

आता तुझ्या भाषणात ज्याचा उल्लेखसुद्धा नव्हता, ते सांगते. तो शिकवायचा. आजारपणामुळे मंच सुटला तेव्हा हॉलिवूडच्या गिटार इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवलं, नंतर फिलाडेल्फियात युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्समध्ये, आणि घरी तर कायमच. शिकवायचा काय? पियानोवाल्यांचं व्याकरण गिटारवर लादू नका, गिटारला स्वतःची एक रचना आहे, ती बघा. उचल आता गिटार. बोलण्यापेक्षा हे दाखवलेलं बरं.

चौथी तार पहिल्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्यावर, दुसरी पहिल्यावर, पहिली दुसऱ्यावर. पाचवी आणि सहावी तार वाजवू नकोस. वाजव. हा डिमिनिश्ड कॉर्ड. हाच आकार तीन फ्रेट वर सरकव. तेच चार स्वर, जागा बदललेले. परत खाली ये. आता फक्त चौथ्या तारेवरचं बोट उचल. काय झालं? डी सेव्हन. पहिल्या महिन्यात तुला जो शिकवला आणि ज्याला तू आज पोरखेळ समजतोस, तोच. बोट परत ठेव. आता तिसऱ्या तारेवरचं एक फ्रेट मागे घे: ए फ्लॅट सेव्हन. ते परत जागेवर ठेव, दुसऱ्या तारेवरचं उचल: बी सेव्हन. तेही परत, आणि पहिल्या तारेवरचं एक घर मागे: एफ सेव्हन. एका आकाराच्या पोटात चार डॉमिनंट कॉर्ड निघाले. असे डिमिनिश्ड मुळात तीनच. तीन चोक बारा. झाले सगळे. कुठलाही एक स्वर खाली नेण्याऐवजी वर नेलास तर हाफ डिमिनिश्ड मिळतात. ऑगमेंटेडला हाच न्याय लाव: एक स्वर अर्ध्या पायरीने खाली घे, मेजर, वर ने, मायनर. ऑगमेंटेड चारच, प्रत्येकात तीन. चार त्रिक बारा.

हे त्याने मांडलं. तू कॉर्डचं जाडजूड पुस्तक आणून बाराशे आकार पाठ करायला बसला होतास, सोडलंस कुठे, तर तिसऱ्या पानावर.

ओळी वाजवण्याचंही तसंच. बहुतेक कॉर्डना तो मायनरमध्ये वळवून बघायचा. समोर जी सेव्हन आला की मनात डी मायनर. तोच जी सेव्हन तिखट करायचा असला की ए फ्लॅट मायनर. सी मेजरला ए मायनर. म्हणजे मायनरच्या ओळी मनापासून, खोलवर घोटायच्या, आणि त्या कुठल्या कॉर्डवर ठेवायच्या ते कानाने ठरवायचं. तुझ्यासारख्याला हे ऐकलं की पळवाट वाटते, 'एकच स्केल शिकलं की झालं!' अरे, तो मायनर घोटायला त्याने बालपण घातलं. तू घातलंस किती? मागच्या आठवड्यात मी ए फ्लॅट मायनर विचारला, तर तू फ्रेटबोर्डवर हरवलेल्या चाव्या शोधत होतास.

एक ताकीद. त्याच्या बोलण्यात चिनी 'इ चिंग', भूमिती, आकृत्या, असं बरंच यायचं. 1968 च्या 'बैय्यिना'त कुराणाचा धागा होता, तबला आणि तानपुराही होता. त्यातलं काही माझ्या डोक्यावरून जातं, आणि खरं सांगायचं तर त्याची 'स्टारब्राइट' मला कधी रुचली नाही. पण ते सगळं त्याचं होतं, पचवलेलं. शनिवारी तू शेवटी 'गिटार ही केवळ एक अवस्था आहे' असं काहीतरी म्हणालास. तुझ्या तोंडी असली वाक्यं म्हणजे पी हळद अन् हो गोरी. तुझी गिटार अजून अवस्था नाही झालेली, अजून ती ट्यूनसुद्धा होत नाही. शनिवारी दुसरी तार उतरलेली होती, मागच्या रांगेत मला ऐकू आलं. तुला तुझ्या मांडीवर आलं नाही.

आणि त्याचा शेवट तू 'संगीतात विलीन झाला' असा केलास. 2018 नंतर फुप्फुसांनी साथ सोडली, वाजवणं थांबलं, नळी लावून घरात होता. 1 नोव्हेंबर 2021 ला त्याच फिलाडेल्फियात गेला. वय 77. विलीनबिलीन काही नाही. माणूस होता, आजारी पडला, गेला. त्याला पुण्यवान बाबा करून भिंतीवर टांगलंस की तुझी सोय होते, कारण बाबांसारखं वाजवायची अपेक्षा कुणी करत नाही. सहकाऱ्यासारखा बघ त्याच्याकडे, मग लाज वाटेल आणि रियाज होईल.

रडायचं काही कारण नाही. नाक पूस. तुला कान आहे, म्हणून एवढा वेळ घालवला. नसता तर फी घेऊन मान डोलावली असती, तसे क्लास गावात पुष्कळ आहेत.

गुरुवारी सहाला ये. ॲम्प लागणार नाही. 1976 ची गिल गोल्डस्टाइनबरोबरची जोडीची तबकडी आहे, 'वुई'ल बी टुगेदर अगेन', नुसती गिटार आणि इलेक्ट्रिक पियानो, आणि अगदी संथ. शीर्षकाच्या गाण्यातले सुरुवातीचे आठ बार कानाने उतरव. मोबाइलवर कुणी लिहून ठेवलेलं चालणार नाही, तुझ्या अक्षरात आण. आधी गाऊन दाखवायचं, मग गिटारला हात. डिमिनिश्डचे चार फाटे तिन्ही आकारांतून, मेट्रोनोम साठवर. त्याहून एक ठोका जलद केलास तर पुन्हा पहिल्यापासून. पहिली तार गंजली आहे, बदल, आणि दुकानात सगळ्यात पातळ मागू नकोस. बुधवारी रात्री 'सॉरी मॅडम, बरं वाटत नाही' असा मेसेज आला, तर गुरुवारची सहाची वेळ मी दुसऱ्याला देईन. मागणारे आहेत.